आपल्याला काय करायचंय?

निवृत्तीनंतर सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मुलांसाठी वाचनालय सुरू केलं, त्यात समाजसेवा थोडी आणि सुनेच्या स्वयंपाकघरात लुडबुड न करण्याची सोय जास्त होती. आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रस्त्याला. कुंपणापलीकडे नवी इमारत उभी राहते आहे आणि तिच्या पायथ्याशी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. वाचनालयात दोन्हीकडची मुलं येतात. काही सभासदांना हे अजून पचलेलं नाही. पुस्तकं उघडी राहतात आणि मुलं बोलत सुटतात. त्या बोलण्यातून हळूहळू त्यांची घरं दिसायला लागली, आणि न दिसतं तर बरं असंही काही दिसलं. मी समुपदेशक नाही, कार्यकर्ती तर नाहीच नाही. विम्याच्या दाव्यांचे कागद तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. तेव्हा हे एका शेजारणीचे बोल समजा. कुणाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

१. ज्याची आबाळ होते ते मूल कुणाला त्रास देत नाही, म्हणून ते नजरेतच येत नाही. चौथीतला एक मुलगा सगळ्यांच्या आधी यायचा आणि दिवे मालवताना उठायचा. मला वाटलं, काय ही वाचनाची गोडी! मैत्रिणींना कौतुकानं सांगूनही झालं. मग एकदा लक्षात आलं की त्याच्या हातात रोज तेच पुस्तक असतं आणि बहुधा पानही तेच. नखं वाढलेली, डिसेंबरात अंगात उन्हाळ्यातला शर्ट. खाऊ वाटला की दोन वड्या तोंडात आणि दोन खिशात. माझं मन लगेच कुंपणापलीकडे धावलं, तिकडचाच असणार. तो बी विंगमधला निघाला. घरात मोठा टीव्ही, वडिलांची कायमची रात्रपाळी, आईचं मन आजारी. ती दिवसदिवस अंथरुणातून उठत नसे आणि हे चार भिंतींबाहेर जाऊ नये म्हणून त्या पोराला बजावून ठेवलेलं. खिशातल्या वड्या तिच्यासाठी होत्या. उलट पत्र्याच्या खोलीतल्या ज्या मुलीकडे मी ‘बिचारी’ म्हणून बघत होते, तिची आई दुपारच्या सुट्टीत घमेलं खाली ठेवून धावत यायची, धाकट्याला पाजायची, हिच्या केसांतून हात फिरवायची आणि परत कामावर जायची. गरिबी आणि हेळसांड एकाच घरात राहतात असं मी धरून चालले होते. तसा काही नियम नाही.

२. आपण पहारा भलत्याच दाराशी बसवतो. आमच्या वार्षिक सभेत मुलांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की कॅमेरे, फाटकावरची वही आणि घरी सामान पोचवणारी पोरं, एवढ्यावर तो संपतो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली होती. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेली. त्यांतल्या ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचं सांगितलं, आणि त्रास देणाऱ्यांतले निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. म्हणजे ज्यांची नावं फाटकावरच्या वहीत लिहायची गरजच पडत नाही असे. आणि अनोळखी माणसाच्या भीतीचं पुढे काय होतं तेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आली या मोबाईलवरच्या अफवेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. तेव्हा ते मेसेज आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवरही फिरत होते. मुलांच्या काळजीपोटीच फिरत होते, असं आजही कुणी शपथेवर सांगेल.

३. संशय आपल्यावर आला की नियमांची किंमत कळते. वाचनालय सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि ए विंगमधली एक तरुण आई भेटायला आली. म्हणाली, “काकू, राग मानू नका, पण तुम्ही मुलांबरोबर एकट्याच असता का? दार बंद असतं का?” मला असा राग आला की काय सांगू! केस पांढरे झाले, नातवंडं झाली, आणि ही कालची पोरगी मला विचारते! दोन दिवस फणफणले. मग माझ्यातल्या जुन्या कारकुनानं मला गाठलं. नोकरीत कधी कुणाचा चेहरा बघून दावा मंजूर केला होता का? कागद मागितला की माणसाला चोर ठरवलं असं होत नाही. आता क्लबहाउसचं दार उघडं असतं, पडदे बाजूला असतात, मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं असतात, एका मुलाला एकटं कुणी घरी बोलावत नाही, पुस्तक द्यायलासुद्धा नाही. क्रिकेट शिकवायला येतो म्हणणारे एक गृहस्थ हे नियम ऐकून दुखावले आणि पुन्हा आलेच नाहीत. ते सज्जनच असतील. पण हे नियम सज्जन माणसाला फार तर अर्धा दिवस टोचतात, आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसाला तिथं थाराच मिळत नाही. त्या तरुण आईनं जे विचारलं ते प्रत्येक पालकानं क्लासवाल्याला, व्हॅनवाल्या काकांना, संस्कारवर्गाच्या ताईंना विचारावं. राग येऊ द्यावा त्यांना. दोन दिवसांत उतरतो.

४. भिंतीपलीकडून चापटीचा आवाज आला तर आपल्या जिभेवर जे पहिलं वाक्य येतं, ते गिळावं. आमच्याच मजल्यावर एक जोडपं, दीड वर्षाचं बाळ, दोन्हीकडचे आजी-आजोबा लांब गावी. बाळ रात्रभर रडायचं, आणि मग मधूनच तो आवाज. मी मनात भाषण तयार केलं होतं. मुलं म्हणजे देवाघरची फुलं वगैरे. दार उघडलं तर समोर ती, केसांचा बुचडा सुटलेला, गाऊनवर दुधाचा डाग, आणि डोळे असे की भाषण जिन्यातच राहिलं. तोंडातून निघालं ते एवढंच: “आंघोळ झाली का गं तुझी? जा, करून ये. मी बघते याला.” ती माझ्याकडे बघतच राहिली. मग आत गेली आणि बराच वेळ नळ चालू होता. आंघोळीचं पाणी किती आणि रडण्याचं किती, कोण जाणे.

पुढे ते रोजचंच झालं. सकाळी साडेअकराला बाळ माझ्याकडे. मी काही शिकवलं नाही. मारू नकोस, असंही एकदाच म्हटलं, तेही तिनं स्वतःहून विषय काढल्यावर. ती म्हणाली, “काकू, हात उठायच्या आधी मला कळतं की आता उठणार. पण त्या वेळी बाळाला ठेवायला कुणीच नसतं.” मला हे वाक्य पुष्कळदा आठवतं. आमच्या पिढीत त्या वेळी बाळाला घ्यायला जाऊबाई होती, शेजारची आक्का होती, वाड्यात कुणीतरी पाय पसरून गहू निवडत बसलेलं असायचंच. त्या वाड्यांचे गोडवे मी गाणार नाही. तिथं घरच्याच माणसांनी काय काय केलं आणि सगळ्यांनी कसं पदराखाली झाकलं, तेही मला ठाऊक आहे. पण बाळ हातातून घ्यायला माणूस होतं, हे खरं.

रस्त्यात, बसमध्ये कुणी मुलाला बडवत असेल तर मी आता आधी त्या मोठ्या माणसाशी बोलते. “गर्दी किती झालीय हो! द्या ती पिशवी इकडे.” उपदेश ऐकावा लागलेली आई घरी जाऊन त्याच पोरावर राग काढते. पिशवी उचलली की बहुतेकदा हातही खाली येतो. मात्र हा उपाय दमलेल्या माणसासाठी आहे. पट्ट्याचे वळ, चटके, बंद खोली, दारूच्या नशेतलं फेकणं आणि आपटणं, यांवर साडेअकराची आंघोळ चालत नाही. तिथं पुढे येणारा सहावा मुद्दा.

५. मुलांच्या रक्षणासाठी मी सर्वांत जास्त काय केलं असेल, तर झेरॉक्स काढल्या. हे ऐकून माझा नातू खूप हसला. पण बाप गेलेला, आई चार घरची धुणीभांडी करणारी, अशा घरात मोठ्या मुलीची शाळा सुटते ती आईला नकोशी झाली म्हणून नव्हे, धाकट्यांना सांभाळायला दुसरं कुणी नसतं म्हणून. हातात थोडे पैसे आले की तेच घर मुलांना धरून ठेवतं. आपल्या राज्यात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाची बालसंगोपन योजना आहे. एक पालक गेलेला, घटस्फोट झालेला, आईबाप दुर्धर आजारी, अशा मुलांसाठी. २०२३ पासून दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे आणि मंजुरीचा आदेश बाल कल्याण समितीचा. ज्या बाईला ही योजना मिळायला हवी, तिला ती माहीत नसते, आणि माहीत असली तरी दिवसाची मजुरी बुडवून कचेरीत जाणं परवडत नाही.

मग अशाच एका बाईसाठी मी गेले. आधार, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँकेचं पासबुक, घरासमोर आई आणि मुलांचा एकत्र फोटो. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर त्याचं नाव एका तऱ्हेनं, आधारवर दुसऱ्या तऱ्हेनं, आणि तो दाखला लातूरकडच्या एका ग्रामपंचायतीतून आणायचा. इथं माझी आयुष्यभराची हाडाची कारकुनी कामी आली. टेबलामागच्या माणसाशी कुठल्या आवाजात बोलायचं ते मला येतं, कारण त्या टेबलामागे मी बसलेली आहे. फोटोच्या वेळी मुलगी शाळेचा गणवेश घालून आली, भांग पाडून. पत्र्याच्या दारासमोर ताठ उभी. मी म्हटलं, हस की! तर म्हणाली, “सरकारी फोटोत हसत नाहीत.” पैसे यायला फार वेळ लागला आणि मध्ये खंडही पडला. ती मात्र शाळेत राहिली, हे त्या पैशांमुळे की ‘काकू सारख्या चौकशा करतात’ या धाकामुळे, ते मी अजून विचारलेलं नाही.

याच हिशेबात बसणारं एक दुखणं. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला. पन्नासहून जास्त स्त्रिया कामावर असतील तर त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची खोली ठेवलीच पाहिजे, असं त्यात होतं. पण बायकांना मोजायचं कसं? पुष्कळदा हजेरी नवऱ्याच्या नावावर आणि बाई त्याच्या मागून. मग पन्नास भरणार कधी? सिमेंटच्या गोणीवर झोपलेलं पोर बघून हळहळायचं आणि फ्लॅटचा ताबा कधी मिळणार ते विचारायचं, एवढंच आपण करतो. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत अशीच एका बांधकामावरची मुलं बघितली आणि तिथंच तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून ‘मोबाईल क्रेशेस’ ही संस्था झाली. पुण्यातही ‘तारा मोबाईल क्रेशेस’ हे काम करते. फ्लॅट बुक करणाऱ्यानं बिल्डरला तरणतलावाबरोबर हाही प्रश्न विचारला तर? मी आमच्याकडे येणाऱ्या नव्या सभासदांना सुचवून पाहिलं. एकानं खरंच विचारलं. उत्तर गुळमुळीत आलं, पण विचारलं.

६. १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला म्हणजे जीप येऊन मूल उचलून नेते, या भीतीनं मी पुष्कळ दिवस तो नंबर फिरवला नव्हता. ही सेवा जेरू बिलिमोरिया यांनी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या आधारानं १९९६ मध्ये मुंबईत सुरू केली, रस्त्यावरच्या आणि रेल्वे स्टेशनवरच्या मुलांसाठी. पुढे देशभर झाली. २०२३ पासून ती सरकारच चालवतं आणि ११२ शी ती जोडलेली आहे. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो. शेवटी एकदा फिरवला तेव्हा पलीकडच्या मुलीनं मला विचारलं ते असं: मूल साधारण किती वर्षांचं, आत्ता या क्षणी धोक्यात आहे का, घर कुठलं, तुम्ही काय पाहिलंत आणि काय ऐकलंत. ‘पाहिलंत’ आणि ‘ऐकलंत’ तिनं वेगळं विचारलं, ते मला आवडलं. पुरावा मागितला नाही. पुरावा गोळा करणं माझं काम नव्हतंच.

आणि मूल उचललंही नाही. दुसऱ्या दिवशी दोघं जण आली, घरी बसून बोलली, परत आली. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं तत्त्वच आहे की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आधी त्याचं घर उभं करून बघायचं. बाल कल्याण समिती प्रत्येक जिल्ह्यात असते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, अशा निर्णयांसाठीच. मी ज्याच्यासाठी फोन केला त्या मुलाला काही दिवस मावशीकडे ठेवलं आणि बापाला व्यसनमुक्तीकडे वळवलं. बाप सुधारला का? थोडा. परत घसरला. परत फोन झाला, या वेळी मी नव्हे, मावशीनं केला. शेजाऱ्यांना माझा संशय आलाच होता. लिफ्टमध्ये दोन कुटुंबं माझ्याशी बोलेनाशी झाली. फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं हे खरं, पण सोसायटीत अशा गोष्टी फोन करणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखतात.

७. मूल सांगतं ते कधीच अख्खं वाक्य नसतं. “मला त्या क्लासला नाही जायचं.” “ते दादा असले की मी नाही येणार.” “पोटात दुखतं.” आणि मग आपल्या तोंडाकडे बघतं. आपण “का? आळस आला?” म्हटलं की ते दार मिटतं. मला एका समुपदेशक बाईंनी सांगितलं की अशा वेळी चारच गोष्टी करायच्या. ऐकायचं, “तू सांगितलंस ते फार चांगलं केलंस” म्हणायचं, “यात तुझी काही चूक नाही” म्हणायचं आणि पुढचे प्रश्न विचारायचा मोह आवरायचा. हा मोह म्हणजे काय, ते माझ्यासारख्या चौकशीखोर बाईला विचारा! कुठे, कधी, कसं, कितीदा. पण ते विचारणं प्रशिक्षित माणसाचं काम. मूल तेच दहा जणांना सांगत बसलं तर त्याला दहादा ते भोगावं लागतं. आणि “कुणाला सांगणार नाही” असं वचन तर मुळीच द्यायचं नाही, कारण ते पाळता येत नाही.

कारण इथं कायद्यानं आपल्याला निवडच ठेवलेली नाही. पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून, बालदिनापासून, लागू आहे. त्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं, किंवा होण्याची शक्यता असल्याचं, ज्याला कळलं त्या प्रत्येकानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हा गुन्हा आहे. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला संरक्षण आहे. तरीही प्रसंग आला की चार वडीलधारी मंडळी जमतात आणि पहिला शब्द निघतो: “मिटवून टाकू.” दुसरा: “पोरीच्या नावाचा विचार करा.” पोरीचं नाव छापायला किंवा सांगायला कायद्यानंच बंदी आहे, हे त्यांना माहीत नसतं. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, गणवेश न घालता. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही, हेही माहीत नसतं. कागदावर हा कायदा फार मायेनं लिहिलाय हो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचारावरून लोकांनी तासन् तास रेल्वे अडवली. राग खरा होता. पण त्याआधी गुन्हा नोंदवायलाच जो उशीर झाला आणि ज्यावरून उच्च न्यायालयानं पोलिसांना फटकारलं, ते तास माझ्या मनातून जात नाहीत. त्या तासांत आईबापांशेजारी, ठाण्यातल्या बाकावर, चार जाणती माणसं बसलेली असती तर? रुळांवर उतरायला हजारो मिळतात. बाकावर बसणं कंटाळवाणं आहे, आणि तिथं कुणी फोटोही काढत नाही.

८. मुलग्यांना वगळून आपण बोलतो. त्या २००७ च्या पाहणीत लैंगिक त्रास सांगणाऱ्यांत निम्म्याहून किंचित जास्त मुलगे होते. पोक्सोही मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. पण आमच्या महिला मंडळात ‘गुड टच, बॅड टच’चं सत्र ठरलं तेव्हा फक्त मुलींनाच बोलावणं गेलं, आणि मुलगे तोवर खाली क्रिकेट खेळत होते.

९. मुलाला ‘नाही’ म्हणायला शिकवायचं तर ते पहिल्यांदा आपल्यालाच म्हणणार, याची तयारी हवी. मी गालगुच्चे घेणारी बाई आहे. जन्मजात. भाच्याची मुलगी चार वर्षांची. मी हात पुढे केले तर तिनं हात मागे बांधले आणि म्हणाली, “मला नको.” आईनं दटावलं नाही, “बरं, मग नमस्ते कर” म्हणाली. मी हसले, पण आत चांगलंच लागलं. “आजीला पापी दे, नाहीतर आजी रडेल” असं म्हणत आम्ही पिढ्यान् पिढ्या मुलांना हेच शिकवत आलो की मोठ्यांचं मन राखायला आपलं अंग द्यावं लागतं. आता मी विचारते. ती तीनदा नाही म्हणते आणि चौथ्यांदा स्वतः येऊन मांडीत बसते. त्या चौथ्या वेळेची मजा गालगुच्च्यांत नव्हती, हे कबूल करायला मला जड जातं.

१०. गावात ‘यंत्रणा’ म्हणजे एक बाई असते आणि ती त्याच आळीत राहते. माझं माहेर बीड जिल्ह्यातलं. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जोडपी निघून जातात, आणि गावात म्हातारी माणसं नि पोरं उरतात. वयात आलेल्या मुलीला कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, न्यायचं तर भीती, म्हाताऱ्या सासूपाशी ठेवायचं तर भीती, मग लग्न लावून मोकळं व्हायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यात विशीतल्या शंभरातल्या बावीस जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. बीडमध्ये जवळजवळ चव्वेचाळीस. मी शहरातून जाऊन तावातावानं विचारलं, तुमची ग्राम बाल संरक्षण समिती काय करते? अध्यक्ष सरपंच, सचिव अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. सगळं आहे ना कागदावर? सेविकाबाई शांतपणे तांदूळ मोजत होत्या. म्हणाल्या, “आहे की. पण लगीन मोडल्यावर त्याच घरच्या लेकराला उद्या मलाच इथं आणून बसवायचंय. तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं जाणार.”

गप्प बसले. मग त्यांनीच सांगितलं त्या काय करतात ते. आईबाप निघायच्या आधी घरोघर जाऊन मुलांना हंगामी वसतिगृहाला लावतात. दहावीतल्या मुलीच्या चुलतीला विश्वासात घेतात. मांडव पडण्याची वाट बघत नाहीत. सुपारीची कुणकुण लागली की मुलीच्या मामाला गाठतात, कारण मामा रुसला तर लग्नाला रंगत नाही. आणि अगदीच नाइलाज झाला तर १०९८, तोही दुसऱ्या गावच्या सेविकेनं लावायचा. एकमेकींच्या गावचे फोन त्या आपसांत वाटून घेतात. कुठल्या शासन निर्णयात ही पद्धत असेलसं वाटत नाही.

११. समिती नेमली की काम संपतं, वेळ वाटून घेतली की सुरू होतं. सोसायटीच्या सभेत मी ‘बालसुरक्षा समिती’चा ठराव मांडला होता. पार्किंगवर पाऊण तास झाला, यावर पाच मिनिटं. सात जणांची नावं एकमतानं लिहिली गेली, त्यांतले तीन सभेला हजरही नव्हते. समिती एकदाही भरली नाही. पण संध्याकाळी पाच ते सात, म्हणजे शाळा सुटल्यापासून आईबाप घरी येईपर्यंत, क्लबहाउसमध्ये कोण बसणार याचा तक्ता मी लिफ्टशेजारी लावला आणि गंमत झाली. समितीवर कधी न येणारे लोक तक्त्यावर आले. तळमजल्यावरचे निवृत्त गृहस्थ, ज्यांचा पोरांचा चेंडू जप्त करण्याबद्दल लौकिक होता, ते मंगळवार-शुक्रवार येतात आणि पोरांना बुद्धिबळात निर्दयपणे हरवतात. मुलं त्यांच्यावर खूश आहेत. बी विंगमधल्या त्या मुलाच्या आईला दवाखान्यात न्यायला गाडी त्यांचीच असते. आता तिचे उपचार चालू आहेत आणि कधी कधी ती खाली येऊन बसते, पुस्तकांना कव्हरं घालते. दोन मोठी माणसं हवीत हा नियम तिलाही लागू आणि मलाही. गुरुवारी मात्र दुसरं कुणी मिळत नाही, म्हणून गुरुवारी वाचनालय बंद असतं. तक्ता लिफ्टशेजारीच आहे, पेन दोऱ्यानं बांधलेलं आहे.